वजन, लांबी, दंडघेर: अंगणवाडीत आणि कोपीवर बाळाचं माप कसं घ्यावं

एका मुलग्याचं वजन ७.४ किलो भरलं. झोपवून घेतलेली लांबी आली ७५ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलग्यांच्या तक्त्यात ७५ सेंटिमीटरसमोर तीव्र कुपोषणाची रेषा ७.५ किलोवर आहे. मूल रेषेच्या खाली, म्हणजे सॅम (तीव्र कुपोषित). आता समजा, मोजताना त्याने गुडघे वाकवले आणि पट्टीवर ७४ दिसलं. ७४ समोरची रेषा ७.३ वर आहे. तेच मूल, तोच काटा, आणि नाव मॅमच्या (मध्यम कुपोषितांच्या) यादीत गेलं.

वजनकाट्यासमोर सगळे डोळ्यांत तेल घालून बसतात. पण यादी बिघडते ती जास्त करून लांबीने आणि वयाने. त्यामुळे पुढे वजनाला कमी आणि त्या दोघांना जास्त जागा दिली आहे. मजकूर अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताईंसाठी आहे. सांगली-सातारा पट्ट्यात गळीत हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, जाऊन मापं घ्यावी लागतात, त्यांच्यासाठी तर आहेच. घरी बाळाचं कार्ड वाचू पाहणाऱ्या आईवडिलांनाही त्यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

माणसं दोन, वही एक

एकटीने लांबी घेता येत नाही. घेतली तर ती चुकते. एकीने मोजायचं, दुसरीने डोकं किंवा पाय धरायचे. मोजणारी आकडा मोठ्याने म्हणते, दुसरी तोच आकडा परत म्हणून वहीत लिहिते, आणि लिहून झाल्यावर मोजणारी वहीत डोकावते. मगच मूल खाली उतरवायचं. 'चौऱ्याहत्तर' आणि 'चौऱ्याऐंशी' गोंगाटात सारखेच ऐकू येतात. म्हणून आकडा सुटा सुटा म्हणायचा: सात, चार, पॉइंट तीन.

क्रम असा ठेवा: वय, पायांची सूज, वजन, लांबी किंवा उंची, शेवटी दंडघेर. रडवणारं माप म्हणजे लांबी. ती आधी घेतली तर पुढे काट्यावर मूल स्थिर राहत नाही.

वय: सगळ्यात जास्त चुका इथे

तक्ते पूर्ण झालेल्या महिन्यांवर चालतात. १४ महिने २५ दिवसांचं मूल १४ महिन्यांचं, १५ चं नाही. 'पुढच्या महिन्यात दोन वर्षांचा होईल' असं आजीने सांगितलं की हात सरळ २४ लिहून मोकळा होतो, तिथे थांबायचं.

फरक किती पडतो ते पाहा. ७.८ किलोचा मुलगा १२ महिन्यांचा असेल तर तो वाढीच्या आलेखाच्या हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या, पट्ट्यात, कारण १२ महिन्यांना कमी वजनाची पिवळी रेषा ७.७ किलोवर आहे. तोच मुलगा १५ महिन्यांचा असेल तर रेषा ८.३ किलोवर आहे आणि तो कमी वजनाचा ठरतो. काटा कितीही चांगला असला तरी तीन महिन्यांची ही चूक त्याला पकडता येणार नाही.

जन्मतारीख शोधण्याचा क्रम: जन्मदाखला, मग माता-बाल संरक्षण कार्ड, मग दवाखान्याचा डिस्चार्ज कागद. आधार कार्डावरची तारीख शेवटी, कारण ती पुष्कळदा अंदाजाने घातलेली असते. १ जानेवारी किंवा १ जून दिसली की संशय घ्या. कार्डावर जन्मतारीख पुसली गेली असेल पण लशींच्या तारखा असतील तर त्यावरूनही काम होतं. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस दीड महिना पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत, गोवर-रुबेलाचा पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्या तारखेला मूल निदान एवढ्या वयाचं होतं, हे पक्कं झालं. लस उशिरा घेतलेली असू शकते, त्यामुळे एवढाच अर्थ काढायचा, जास्त नाही.

कागद काहीच नसेल तर घटनांचं कॅलेंडर लागतं. बीडकडून किंवा जतच्या पूर्व भागातून आलेल्या टोळीत ही वेळ हमखास येते. एका मोठ्या कागदावर चालू महिन्यापासून मागे साठ चौकोन आखा, प्रत्येक चौकोनात त्या महिन्याची ओळखीची गोष्ट लिहा: बेंदूर, नागपंचमी, गणपती, दसरा, दिवाळी, पालीची यात्रा, म्हसवडचा रथ, जतच्या यल्लम्माची यात्रा, पाडवा, कारखान्याचा बॉयलर पेटला, पट्टा पडला म्हणजे गळीत हंगाम संपला. जुलै २०२१ चा महापूर आता मोठ्या मुलांपुरताच उरला, पण कृष्णा-वारणेकाठी तो अजून कामाला येतो. टोळीच्या गावाकडच्या जत्रा मुकादमाला विचारून वेगळ्या रंगाने लिहा. त्या बायकांना म्हसवडचा रथ माहीत असण्याचं काही कारण नाही.

इथे एक फसवी जागा आहे. सण दरवर्षी त्याच इंग्रजी महिन्यात येत नाहीत. २०२३ ला अधिक श्रावण होता. त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला बसले, आणि आदल्या वर्षी ३१ ऑगस्टला. दिवाळीतलं लक्ष्मीपूजन २०२२ ला २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ ला १२ नोव्हेंबरला. 'दिवाळी म्हणजे नोव्हेंबर' असं ठोकून दिलं की मूल महिनाभर लहान किंवा मोठं होतं. जुन्या दिनदर्शिका रद्दीत घालू नका, पाच वर्षांच्या भिंतीवर राहू द्या.

विचारताना तारीख विचारू नये. 'वहिनी, हे झालं तेव्हा कोयता चालू होता का गावाकडं होता?' इथून सुरुवात करा. हंगाम ठरला की 'दिवाळीच्या आधी का मागून?', मग 'शेजारच्या कोपीतल्या पोरापेक्षा मोठं का धाकटं?' असं आवळत जायचं. जतकडच्या कन्नड बोलणाऱ्या आईला विचारताना टोळीतलीच दुभाषी बाई शोधा, पुरुष मुकादम नको. त्याला साल आठवतं, महिना आठवत नाही.

दात, चालणं, बोलणं यावरून वय ठरवायचं नाही. ज्या मुलाचं पोषण तपासायला गेलो आहोत त्याची वाढच मागे असू शकते, आणि वाढीवरून वय लावलं तर ते मूल कायम 'वयाच्या मानाने ठीक' निघणार.

एवढं करूनही वय लागलं नाही तर निराश होऊ नका. लांबीनुसार वजन आणि दंडघेर या दोन मापांना नेमकं वय लागत नाही. वयाच्या रकान्यात नेमका आकडा न घालता 'अंदाजे' असं लिहा आणि त्या दोघांवर निर्णय घ्या.

सूज

चपला, मोजे, वाळे काढतानाच हे उरकतं. दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने हलका पण सलग दाब द्या, तीन सेकंद. एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन म्हणेपर्यंत. अंगठा उचलल्यावर दोन्ही पायांवर खड्डा राहिला तर ती पोषणाची सूज असू शकते. मग वजन आणि लांबी काहीही सांगो, मूल सॅम धरायचं आणि थांबून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. अशा मुलाचं वजन पाण्याने वाढलेलं असतं, त्यामुळे तक्ता पाहून 'बरं आहे' असं वाटतं. एकाच पायाला खड्डा पडला तर कारण वेगळं असू शकतं, मार किंवा जंतुसंसर्ग. तेही डॉक्टरांना दाखवायचंच.

वजन

पहिल्यांदा काटा तपासा. वाण्याकडच्या, वजनमाप खात्याचा शिक्का असलेल्या ५ किलोच्या लोखंडी वजनाइतकं चांगलं साधन दुसरं नाही. पाच ठेवा, मग पाच-पाच मिळून दहा ठेवा. दोन्ही वेळा १०० ग्रॅमच्या आत आकडा आला पाहिजे. फक्त शून्य पाहून समाधान मानू नका. स्प्रिंग सैल पडलेला टांगता काटा शून्यावर अगदी बरोबर दिसतो आणि दहा किलोला अर्धा किलो चुकतो.

इलेक्ट्रॉनिक माता-बालक काटा सपाट, कडक जमिनीवर ठेवायचा. शहाबादी फरशी उत्तम. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा कोपीसमोरच्या मातीत चारी पाय सारखे टेकत नाहीत; तिथे खाली जाड फळी घ्या आणि चारही कोपरे आळीपाळीने दाबून डुगडुगत नाही ना ते बघा. सतरंजी, चटई, पोतं अजिबात नको. आई काट्यावर उभी राहते, आकडा स्थिर झाला की आई-बाळाचं बटण दाबून शून्य करायचं, मग बाळ तिच्या हातात द्यायचं, दिसेल तो बाळाचा आकडा. आई मध्येच खाली उतरली तर पुन्हा पहिल्यापासून. तिची शाल, पदराची गाठ, कमरेची किल्ल्यांची जुडगी आधीही असेल आणि नंतरही असेल तर काही बिघडत नाही. बिघडतं ते शून्य केल्यावर कुणी बाळासोबत दुपटं दिलं की. बॅटरी उतरली की आकडा नाचत राहतो. दोन जादा सेल पिशवीत ठेवाच.

टांगता काटा असेल तर रिकामी झोळी लावून मग शून्य करा, डायल मोजणारीच्या डोळ्यासमोर येईल इतक्या उंचीवर बांधा आणि बाळाचे पाय कशालाही टेकू देऊ नका. उघड्यावर वाऱ्याने झोळी हलते, काटा स्थिर होत नाही. कोपीच्या आडोशाला या.

कपडे हा थंडीतला खरा प्रश्न. डिसेंबरच्या सकाळी उसाच्या फडाजवळ मूल उघडं करायला आई तयार होत नाही, आणि तिचं बरोबर आहे. स्वेटर, कानटोपी, गोधडीचा तुकडा अंगावर ठेवून वजन घ्या, मूल परत गुंडाळून द्या, आणि तेच कपडे नंतर वेगळे तोलून वजा करा. ओला लंगोट आधी बदला. कमरेचा चांदीचा करदोटा, वाळे, मनगट्या निघत असतील तर काढा. निघत नसतील तर वहीत शेरा मारा, म्हणजे पुढच्या महिन्यातही त्यासकटच वजन होईल आणि तुलना जुळेल. नुकतंच दूध पाजलं असेल तर चिंता नको. शंभर मिली दूध म्हणजे काट्याची जेमतेम एक पायरी.

लांबी की उंची

दोन वर्षांखाली झोपवून, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर उभं करून. वय माहीतच नसेल तर ८७ सेंटिमीटरच्या आत झोपवून, त्यापुढे उभं. झोपलेलं माणूस उभ्या माणसापेक्षा जरा लांब भरतं, म्हणून पद्धत बदलली तर आकडा दुरुस्त करावा लागतो. दोन वर्षांखालचं मूल झोपायलाच तयार नाही म्हणून उभं मोजलं, तर आलेल्या आकड्यात ०.७ सेंटिमीटर मिळवा. दोन वर्षांवरचं मूल उभं राहू शकत नाही म्हणून झोपवून मोजलं, तर ०.७ वजा करा. कुठल्या पद्धतीने मोजलं ते वहीत 'झो' किंवा 'उ' असं एक अक्षर घालून लिहा. हे अक्षर नसेल तर दोन वर्षांच्या आसपासचे आकडे कोड्यात टाकतात.

झोपवून मोजायची पाटी, म्हणजे इन्फंटोमीटर, जमिनीवर किंवा पक्क्या टेबलावर ठेवा. बाजेवर नको, बाज मध्ये खचते. डोक्याकडची बाजू पक्की, पायाकडची सरकती. पाटीवर पातळ कापड चालेल, गादी नाही.

मदतनीस डोक्यामागे गुडघे टेकून बसते. बाळाचं डोकं दोन्ही हातांत, तळवे कानांवर, टाळू पक्क्या पाटीला टेकलेली. डोकं ना छातीकडे झुकलेलं, ना मागे ताणलेलं: डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं छिद्र जोडणारी रेषा पाटीला काटकोनात, म्हणजे बाळाची नजर सरळ वर आढ्याकडे. हनुवटी छातीला लागली की लांबी कमी भरते. जावळ काढलेलं नसेल, वर बांधलेला तुरा किंवा क्लिप असेल तर सोडा. मदतनिसाने बाळाच्या डोळ्यांत पाहून बोलत राहायचं. ओळखीचा चेहरा वर दिसला की पोर निम्मं शांत होतं. आईला म्हणूनच डोक्याच्या बाजूलाच उभं करा, पायाकडे नको, नाहीतर मूल मान उचलून तिच्याकडे बघतं.

मोजणारी बाळाच्या उजव्या हाताला. डावा हात दोन्ही गुडघ्यांवर किंवा नडग्यांवर ठेवून पाय हलकेच पण पक्के खाली दाबायचे. उजव्या हाताने सरकती पाटी आणून तळव्यांना भिडवायची. टाचा आणि तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, बोटं आकाशाकडे. बाळ पायाची बोटं पुढे ताणतं तेव्हा टाच टेकतच नाही आणि जवळजवळ एक सेंटिमीटर वाढीव येतो. तळव्यावर बोटाने हलकेच खाजवलं की बोटं मागे येतात, त्या क्षणी पाटी भिडवायची. एकच पाय धरून मोजायची सवय खूप ठिकाणी दिसते. कंबर तिरकी होते आणि धरलेला पाय पुढे सरकतो. दोन्ही पाय धरा. अगदी महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाचे पाय आपोआप मुडपतात, तिथे जोर लावायचा नाही, क्षणभर सरळ झाले की तेवढ्यात वाचायचं.

वाचताना डोळा रेषेच्या बरोबर समोर. तिरकं पाहिलं की दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. शेवटच्या पूर्ण मिलिमीटरपर्यंत वाचा: ७४.३ असेल तर ७४.३. 'साडेचौऱ्याहत्तर' करून टाकू नका.

उभं मोजताना स्टेडिओमीटर, म्हणजे उंची मोजायची उभी पाटी, भिंतीला टेकवून, तळ सपाट. अनवाणी. टाचा, पोटऱ्या, ढुंगण, खांद्याची हाडं आणि डोक्याची मागची बाजू उभ्या पाटीला टेकलेली. गुटगुटीत मुलाचे पाचही बिंदू टेकत नाहीत, तेव्हा निदान ढुंगण आणि टाचा टेकू द्या. मदतनीस खाली बसून गुडघे आणि घोटे धरते. मोजणारी डाव्या हाताने हनुवटी धरून नजर समोर ठेवते आणि उजव्या हाताने डोक्यावरची पट्टी केस दाबले जातील इतकी खाली आणते. मुलींच्या दोन वेण्या वर बांधलेल्या असतील तर त्या सोडाव्याच लागतात. आई कुरकुरते, पण वेणीसकट घेतलेली उंची ही वेणीची उंची असते.

प्रत्येक मुलाची लांबी दोनदा घ्या. मधे पाटी पूर्ण मागे सरकवा आणि मूल पुन्हा ठेवा, नुसता आकडा परत वाचणं म्हणजे दोनदा मोजणं नव्हे. दोन आकड्यांत ०.७ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा, आणि जवळच्या दोघांची सरासरी. वजनाला ही मर्यादा १०० ग्रॅम, दंडघेराला आणि डोक्याच्या घेराला अर्धा सेंटिमीटर.

डोक्याचा घेर अंगणवाडीत नेहमी घेत नाहीत, दवाखान्यात घेतात. भुवयांच्या जरा वरून आणि मागे जिथे डोकं सगळ्यात बाहेर आलेलं असतं तिथून, पट्टी घट्ट. एवढंच लक्षात असू द्या.

दंडघेर

हे माप सहा महिने पूर्ण ते पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी. सहा महिन्यांखालच्या बाळाला दंडघेराच्या रंगीत पट्टीवरच्या लाल-हिरव्याला अर्थ नाही.

डावा हात, बाही पूर्ण काढून. नुसती वर सारली तर तिचा पिळा दंड आवळतो. कोपर काटकोनात वाकवा, खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध पेनने खूण करा. अंतर मोजून निम्मं करा, डोळ्याच्या अंदाजाने नको; अंदाज नेहमी जरा खाली, म्हणजे बारीक भागाकडे घसरतो. खूण झाल्यावर हात सरळ खाली सोडायला लावा आणि मगच पट्टी गुंडाळा. वाकवलेल्या हाताचा घेर घेणं ही सर्रास दिसणारी चूक: स्नायू फुगतो आणि माप वाढतं.

पट्टी कातडीला सगळीकडून भिडली पाहिजे, पण कातडीत रुतायला नको. पट्टीच्या कडेला खळगा पडला तर जास्त आवळली, खालून उजेड दिसला तर सैल. खिडकीतला आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी ती सॅम, ११.५ ते १२.५ च्या आत मॅम, १२.५ किंवा जास्त असेल तर ठीक. नुसता 'लाल' किंवा 'पिवळा' लिहू नका, ११.६ आणि १२.४ दोन्ही पिवळेच, पण पहिल्या मुलाकडे पुढच्या आठवड्यात परत जायला हवं.

पट्टी वर्षभर पिशवीत चुरगळून मऊ झाली, ताणली गेली की मोजपट्टीवर ठेवून तपासा. जुळत नसेल तर टाका.

दंडघेर आणि लांबीनुसार वजन ही दोन मापं नेहमी एकाच मुलाकडे बोट दाखवत नाहीत. दंडघेरात लहान वयाची, ठेंगणी मुलं जास्त सापडतात. लांब पायांची मुलं लांबीनुसार वजनात. एकात सॅम आणि दुसऱ्यात ठीक आलं तर 'काहीतरी चुकलं' म्हणून दोन्ही पुन्हा मोजा, पण दुसऱ्यांदाही तसंच आलं तर मूल सॅमच धरायचं. दोन्हींत नापास व्हायची वाट पाहायची नाही.

आकड्यांचं पुढे काय

तीन प्रश्न, तीन आलेख. वयाच्या मानाने वजन किती, वयाच्या मानाने उंची किती, आणि उंचीच्या मानाने वजन किती. पहिलं कमी असेल तर मूल कमी वजनाचं, दुसरं कमी असेल तर खुरटलेलं, तिसरं कमी असेल तर लुकडं, म्हणजे सॅम-मॅमचं मोजमाप. आलेखाची मधली रेषा म्हणजे नीट वाढणाऱ्या मुलांचा मध्य. तिच्याखाली दोन पायऱ्यांवर पिवळा सुरू होतो, तीन पायऱ्यांखाली केशरी. या पायऱ्यांनाच उणे दोन एसडी, उणे तीन एसडी म्हणतात. मुलग्यांचा आणि मुलींचा आलेख वेगळा आहे. घाईत पान चुकलं की सगळंच चुकलं, कारण १२ महिन्यांना मुलग्याची पिवळी रेषा ७.७ वर आणि मुलीची ७.० किलोवर आहे.

एकच आलेख का पुरत नाही, तर हे पाहा. दोन वर्षांचा मुलगा, वजन ९.८ किलो, उभी उंची ७९ सेंटिमीटर. वयाप्रमाणे वजनाची रेषा ९.७ वर आहे, म्हणजे हिरवा. उंचीप्रमाणे वजनही ठीक. पण वयाप्रमाणे उंचीची पिवळी रेषा ८१ वर आणि केशरी ७८ वर आहे. मूल खुरटलेलं आहे, आणि फक्त वजन मोजणाऱ्या अंगणवाडीत ते कधीच कुणाच्या नजरेला पडणार नाही. असं मूल आजारी दिसत नाही. शेजारच्या धाकट्या मुलाएवढंच भरतं, एवढंच. त्याला उपचार केंद्राची नाही, पुढच्या वर्षभर रोजच्या ताटात डाळ, अंडं, दूध, शेंगदाणे वाढण्याची आणि वारंवार होणारे जुलाब थांबवण्याची गरज असते.

'आपल्याकडची पोरं हाडानंच बारीक, ते परदेशी तक्ते आपल्याला कशाला', असं गावात हमखास ऐकायला मिळतं. २००६ साली आलेलं हे मानक ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या मुलांवरून तयार झालं. भारतातली मुलं दिल्लीची होती. अंगावरचं दूध, पुरेसं खाणं आणि आजारपणात उपचार मिळालेली सगळीकडची मुलं पाच वर्षांपर्यंत जवळपास सारखी वाढली. एखादं मूल आईबापावर जाऊन ठेंगणं असू शकतं, पण अख्खी वस्ती पिवळ्यात असेल तर ते हाडाचं काम नाही.

तक्त्यात लांबी अर्ध्या सेंटिमीटरच्या टप्प्याने दिलेली असते. ७४.८ ते ७५.२ असेल तर ७५ ची ओळ, ७४.३ ते ७४.७ असेल तर साडेचौऱ्याहत्तरची. हे गोल करणं फक्त ओळ शोधताना. वहीत आणि पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अ‍ॅपमध्ये मोजलेला आकडाच जातो.

सॅम निघालेलं मूल भूक लागणारं, खेळतं, ताप-उलट्या नसलेलं असेल तर ग्राम बालविकास केंद्रात घेता येतं. खात नसेल, सुस्त असेल, सूज, ताप, सतत जुलाब किंवा धाप असेल तर गावात ठेवायचं नाही. आरोग्य केंद्रातून पोषण पुनर्वसन केंद्राकडे. एका महिन्याच्या आकड्यावर धावाधाव नको असं काही जण म्हणतात. सॅमला तो नियम लागू नाही. हिरव्या पट्ट्यातल्या मुलाला मात्र लागू आहे, आणि त्याच्याकडे पाहताना आकड्यापेक्षा रेषेची दिशा बघा: तीन महिने वजन जागच्या जागी असेल तर ते हिरव्यातलं असूनही घरी जाऊन बसायला हवं.

वही स्वतःच चुका सांगते

महिन्याच्या शेवटी पर्यवेक्षिकाताई येण्याआधी पाच मिनिटं वही चाळा. गेल्या महिन्यापेक्षा उंची कमी झाली असेल तर ती मापाची चूक आहे. मूल आखूड होत नाही. दुसऱ्या वर्षात मूल साधारण महिन्याला एक सेंटिमीटर वाढतं, तेव्हा एका महिन्यात तीन-चार वाढलेलं दिसलं तर आधीचं किंवा आताचं एक खोटं. दशांश चिन्हानंतरचा आकडा बघा. खरी मापं असतील तर शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे साधारण सारखे येतात, शंभर मापांत शून्य आणि पाच मिळून वीसच्या आसपास. पन्नास-साठ दिसले तर कुणीतरी गोल करतंय. तीन महिने सलग तेच वजन, तीच उंची दिसली तर मूल मोजलेलंच नाही.

पट्टा पडला की टोळ्या दोन दिवसांत उठतात. शेवटच्या भेटीत प्रत्येक मुलाच्या कार्डामागे तारीख, वय कशावरून लावलं, वजन, लांबी-उंची आणि पुढे 'झो' किंवा 'उ', दंडघेर, सूज आहे-नाही, आणि दागिने किंवा कपड्यांचा शेरा लिहा, खाली अंगणवाडीचं नाव. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करता येते, तीही करा. पण गावाकडच्या सेविकेपर्यंत नोंद पोहोचेलच असं धरू नका. कार्ड आईच्या पिशवीत, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून द्या, आणि सॅम-मॅम मुलांच्या नावांची एक चिठ्ठी टोळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईकडेही ठेवा.